उष्ट्या हळदीचा नकाशा

माझं लग्न दोनदा मोडलं, आणि दोन्ही वेळा नवरा तोच होता. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे कीव येऊन बघतात, मग काहीतरी चुकतंय असं वाटून पुन्हा बघतात. पहिल्यांदा समुद्रात वारा होता म्हणून मोडलं, दुसऱ्यांदा समुद्रात वारा नव्हता म्हणून. आणि वाऱ्याचा अंदाज बांधणं हीच माझी नोकरी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी चित्रा बोरकुटे, नागपूरची. नागपुरात वारा नसतो. उन्हाळ्यात जो थोडा असतो तो विकतचा, आणि विकतचा वारा हा आमच्या घरचा धंदा. बाबा कूलर बनवायचे. पत्रा कापायचा, वाळ्याच्या ताट्या बसवायच्या, पाण्याचा पंप लावायचा. आमच्या अंगणात वैशाखभर ओल्या वाळ्याचा वास असे, आणि मी त्या वासात अभ्यास करून मोठी झाले. पुढे मी वाऱ्याचंच शिक्षण घेतलं तेव्हा बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी धंदाच पाहून राहिली, पन होलसेलमंदी."

होलसेल हा शब्द तसा बरोबरच होता. देशाची निम्मी वीज वाऱ्यातून काढायची असं ठरलं होतं, आणि ती कुठून, कशी काढायची हे शोधणारं केंद्र नागपूरच्या बाहेर, संत्र्याच्या बागा संपतात तिथे उभं राहिलं. त्या केंद्रात एक मोठं दालन होतं. त्याच्या फरशीवर अख्खा देश पसरलेला, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, दोन्ही बाजूंचे समुद्र धरून. त्यावरून वारा वाहताना दिसायचा, बारीक उजेडाच्या रेषांनी, संथ. नकाशावर तुम्ही जिथे उभे राहाल तिथल्या पवनचक्क्यांची खबर तुमच्या कानात यायची आणि तिथल्या माणसांशी बोलणं जोडलं जायचं. आत जाताना सगळे अनवाणी जायचे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण देशावर चप्पल घालून चालायला कुणाला धीर झाला नाही.

या फरशीखालचं जे यंत्र, त्याला आम्ही वारापट म्हणायचो. गेल्या कित्येक दशकांतले देशभरातले वारे त्याच्या पोटात होते. त्यांचे तुकडे जुळवून तो कधीच न घडलेली, पण घडू शकतील अशी वर्षं रचायचा. त्या वर्षांत आम्ही अजून न बांधलेल्या पवनचक्क्या उभ्या करायच्या आणि बघायचं, दिवे लागतात की विझतात. वारापट असा कामाला लागला की दालनातले दिवे आपोआप मंद व्हायचे, आणि आम्ही म्हणायचो, "हळू बोला, त्याला स्वप्नं पडतायत."

लवू मला तिथेच भेटला. लवू मेतर, वेंगुर्ल्याचा, आजोबांचं नाव ठेवलेला. पश्चिमेच्या समुद्रात पवनचक्क्यांचं जे प्रचंड शेत उभं राहत होतं, तिथे तो दुरुस्तीला चढायचा. त्यांच्यातल्या काही जणांना आमचं दालन दाखवायला आणलं होतं. बाकीचे माना वर करून छत बघत होते. लवू सरळ चालत गेला, अरबी समुद्रात आपली जागा शोधली आणि तिथे आडवा होऊन झोपून गेला. रात्रपाळी करून थेट आला होता. उजेडाच्या रेषा त्याच्या कपाळावरून, मिटलेल्या पापण्यांवरून किनाऱ्याकडे जात राहिल्या. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवटी म्हटलं, "अहो, तुम्ही समुद्रात झोपलायत."

"मगे खंय झोपू?" तो डोळे न उघडता म्हणाला. "मी थंयच रवतंय."

असं ते सुरू झालं.

आता अडचण काय होती ती सांगते, कारण ती वाऱ्याचीच आहे. लवू राहायचा समुद्रातल्या तरत्या वस्तीवर. रजा मिळायची, पण किनाऱ्यावर येणारी बोट वस्तीच्या शिडीला टेकली तर ना. वारा असला की लाटा असतात, आणि लाटा असल्या की बोट शिडीला टेकत नाही. हेलिकॉप्टर फक्त आजारी माणसासाठी. म्हणजे वारा पडला तरच लवू मोकळा; पावसाळ्यात तर त्याचा चातुर्मासच समुद्रात. आणि माझं नेमकं उलट. वारा वाहतोय तोवर मला काम बेताचं. वारा पडला की देशभरातून वीज गोळा करायला मी त्या फरशीवर. पवनचक्कीचं गणित मोठं कठोर असतं. वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरतो. बॅटऱ्या होत्या, धरणं होती, पण ती दिवेलागणीला पुरायची, अख्ख्या दिवसाला नाही.

सुरुवातीला त्याचं शेत लहान होतं. तिथला वारा पडला तरी देशाला फारसं कळायचं नाही, आणि आम्ही भेटायचो. पण तिथला वारा सगळ्यांत जोरकस आणि वीज सगळ्यांत स्वस्त, म्हणून नव्या पवनचक्क्या तिथेच दाट होत गेल्या. शेत वाढलं तशा आमच्या भेटी आटल्या. देश जितका लवूच्या समुद्रावर टेकत गेला तितके तो समुद्र झोपला की केंद्रातले आम्ही सगळे जागे राहायचो. तेव्हा आम्ही दोघांनी मुकाट्याने जे सगळे करतात ते करायचं ठरवलं. म्हणजे लग्न.

पहिला मुहूर्त पंचांगातून निघाला, माघातला. नागपुरात मांडव पडला. लवूची आई, मेतरकाकी, कोकमं आणि सुक्या बांगड्यांचं रुखवत घेऊन रात्रभर प्रवास करून आल्या. नवरा मात्र आला नाही. फोनवर दिसला. डोक्याला फेटा, अंगात नवा सदरा, आणि पाठीमागे घराएवढी लाट.

"बोट शिडयेक लागना नाय," तो ओरडून सांगत होता.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "काहून जी जावईबापू, वाऱ्याले पत्रिका धाडली नोती का?"

सगळे हसले. माझी एक मावशी म्हणाली, पूर्वी नवरदेव लढाईवर असला तर त्याच्या खांड्याशी लग्न लावायचे, तसं लावून टाकू. बाबांनी विचारलं, जावयाकडे पाना आहे, तो चालेल का? मीही हसले. मग आत जाऊन मुंडावळ्या सोडल्या आणि एकटीने पोटभर रडून घेतलं. मेतरकाकी मागून आल्या आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "वारो कोणाचा आयकता गो? आमच्या घरच्या बायलांनी ह्यांच केल्यानी. वाट बघल्यानी."

मला वाट बघायची नव्हती. मी शिकलेली होते, माझ्या हाताशी वारापट होता. मी दुसरा मुहूर्त त्याच्याकडून काढायचा ठरवलं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी आत गेले. वारापटात पवनचक्क्या होत्या, धरणं होती, शहरं होती, माणसं नव्हती. मी दोन माणसं घातली. एक समुद्रात, एक नागपुरात. पहिलं वारा पडला तरच मोकळं. दुसरं देशाला वीज पुरतेय तरच मोकळं. आणि विचारलं, ही दोघं एकाच दिवशी मोकळी कधी?

दालन मंद झालं. वर्षांमागून वर्षं फरशीवरून वाहून गेली, हजार एक असतील. प्रत्येक वर्षात समुद्रात एक ठिपका होता आणि नागपुरात एक. समुद्रातला उजळला की नागपूरचा विझायचा, नागपूरचा उजळला की समुद्रातला. मी तिथे अनवाणी उभी राहून हजार वर्षं आम्हा दोघांना एकमेकांना न भेटताना पाहिलं. भीती वाटली असं नाही म्हणणार. झोपेत आपण पळतोय आणि पाय जागचे हलत नाहीत, तेव्हा जे वाटतं ते वाटलं.

अधूनमधून, क्वचित, दोन्ही ठिपके एकदम उजळायचे. येत्या वैशाखात असा एक दिवस शक्य होता. समुद्र शांत, पण फक्त दुपारपर्यंत, तेवढं बॅटऱ्यांवर निभेल. शक्य आणि नक्की यांतला फरक मी रोज इतरांना समजावून सांगायची. स्वतःच्या वेळी विसरले. उतावळी नवरी!

लवू आला. खरोखर आला, आदल्या दिवशी वारा उतरू लागताच पहिल्या बोटीने निघून, उन्हाने काळा झालेला. सकाळी त्याला हळद लागली, आणि रीतीप्रमाणे उरलेली उष्टी हळद वाटीतून माझ्याकडे आली. मेतरकाकींनी ती माझ्या गालांना, हातांना आणि पायांना अगदी घोट्यापर्यंत थापली. "जरा जास्तच लावतंय," त्या म्हणाल्या, "ह्या खेपेक वारो नको पुसूक." लग्न गोरज मुहूर्तावर होतं. अंगणात बाबांचा सगळ्यांत मोठा कूलर घुमत होता.

भर दुपारी तो कूलर थांबला.

आधी वाटलं पंप अडकला. मग गल्लीतले सगळेच कूलर थांबल्याची ती विचित्र शांतता पसरली आणि माझा फोन वाजला. आमचे प्रमुख, टिपणीस सर. "चित्रा, समुद्र उठत नाहीये," ते म्हणाले. "मला माहितीये आज काय आहे. पण दुसरं कोणी नाही."

मी हळदीच्या अंगाने गेले. पाय धुवायलाही थांबले नाही.

फरशीवर पश्चिमेचा समुद्र काळा पडला होता. एक रेष हलत नव्हती. देशातली शहरं तापत होती, दवाखाने आपल्या बॅटऱ्यांवर गेले होते. मी आधी त्या काळ्या समुद्रात जाऊन उभी राहिले. लवूचे सोबती म्हणाले, "ताई, पान हालना नाय." मग मी चालत सुटले. कन्याकुमारीला गेले, तिथे थोडा वारा होता. रामेश्वरच्या किनाऱ्याला चांगला होता. सह्याद्रीच्या पठारांवर होता, आंध्रच्या समुद्रात होता. जिथे उजेडाची रेष दिसेल तिथे जाऊन उभी राहायची आणि विचारायची, आणखी आहे का? थोडी तरी? सगळे म्हणायचे, वारा आहे बाई, पवनचक्क्याच नाहीत. तरी मी पुन्हा पुन्हा जायची. जोगवा मागतात तशी दारोदार.

कधीतरी उन्हं कलताना सर म्हणाले, "जरा बस बाहेर. तो आलाय."

लवू बाकावर बसला होता. मुंडावळ्या बांधलेल्या, चपला काढून शेजारी ठेवलेल्या.

"भटजी खाली गाडीत आसत," तो म्हणाला. "म्हणतत, दोन हार आणि चार अक्षता. हयच लावया?"

माझा जीव हो म्हणत होता. तोंड म्हणालं, "आणि उद्या?"

"सांजचो वारो सुटतलो. लाटा वाढूच्या आत, सकाळीच, माका परत बोट गाठूक होयी."

"पुढच्या वेळी वारा पडला की तू येशील, आणि मी परत आत असेन. आजच्यासारखी. दर वेळी."

त्याने शेजारच्या चपला सरळ केल्या. मग म्हणाला, "मी सोडतंय नोकरी."

"तुझ्याजागी चढायला कोण आहे?"

"नाय कोण."

"मग मी सोडते."

"तू?" आता तो थोडा हसला. "त्या फरशेशिवाय तू आठ दिवसात बापाशीच्या कूलरांका शिकवणी लावशीत."

मला हसू आणि रडू एकदम आलं, आणि हळदीचे हात डोळ्यांना लावता येईनात. त्याने आपल्या नव्या सदऱ्याच्या बाहीने माझे डोळे पुसले. मी म्हटलं, "लवू, मला लग्न लावून घ्यायचं नाहीये. मला तुझ्याबरोबर राहायचंय. महिन्यातून चार दिवस का होईना, पण देशाला न घाबरता."

"मगे वाट बघूया?"

"नाही. मी काहीतरी करते."

काय करणार ते मला ठाऊक नव्हतं. तो चपला घालून गेला. मी खिडकीतून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. त्याच्या मुंडावळ्या काढायच्या राहून गेल्या होत्या.

वारा सुटला. काळ्या समुद्रात पहिली रेष हलली, मग दुसरी, मग समुद्र उजेडाने भरून गेला. शहरांतले कूलर पुन्हा सुरू झाले असतील. मी दारात बसून नुसती बघत होते, आणि तेव्हा सर म्हणाले, "फरशी पुसायला सांगतो. अख्खा देश पिवळा केलायस."

"थांबा सर," मी म्हटलं.

फरशीवर माझी पावलं होती. पश्चिमेच्या समुद्रात एकच जोडी, जाड, जिथे मी नुसती उभी राहिले होते. पण पूर्वेच्या किनाऱ्यावर, दक्षिणेच्या टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर पावलांवर पावलं पडून हळदीचा चिखल झाला होता. तिथे मी वीज मागायला सारखी गेले होते. आणि नेमक्या तिथेच पवनचक्क्या सगळ्यांत विरळ होत्या. उष्टी हळद होती ती, लवूच्या अंगावरून उतरलेली. पश्चिमेचा समुद्र झोपतो तेव्हा देशाने कुठे जायला हवं, हे माझ्या पायांनी दिवसभर लिहून ठेवलं होतं, आणि मला ते संध्याकाळी दिसलं.

फरशी पुसली नाही.

पुढच्याच महिन्यात विस्ताराचा आराखडा ठरवायला दिल्लीची माणसं आली. तयार आराखड्यात उरलेल्या जवळपास सगळ्या पवनचक्क्या लवूच्या समुद्रात होत्या, कारण स्वस्त. त्यांना अनवाणी आत नेलं. वाळलेल्या हळदीकडे बघून ते बुचकळ्यात पडले. मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं, हा माझ्या लग्नाचा प्रश्न आहे.

एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमच्या लग्नासाठी देशाचा आराखडा बदलायचा?"

"नाही," मी म्हटलं. "पण ज्या आराखड्यात माझं लग्न होऊ शकत नाही, तो आराखडा एका समुद्राच्या मर्जीवर आहे. वारापटाला आजवर आपण एकच विचारलं, सगळ्यांत स्वस्त काय. मी विचारलं, तो समुद्र झोपला तर मला झोपता येईल का. प्रश्न माझा आहे, पण कूलर सगळ्यांचे बंद पडले होते."

ते वाकून हळद बघू लागले. मग मला स्वतःचीच भीती वाटली आणि मी पुढे म्हटलं, "आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी नवरी आहे, मला जे हवंय तेच दिसणार. बंगळूरलाही असंच केंद्र आहे, तिथल्या लोकांकडून हे पुन्हा करून घ्या. त्यांच्यात कुणाचं लग्न अडलेलं नाही."

बंगळूरच्यांनी केलं. महिनाभर मला धड जेवण गेलं नाही. उत्तर आलं ते असं: हळदीच्या पावलांवर पवनचक्क्या उभ्या केल्या तर वीज थोडी महाग, पण अंधाराचे दिवस पार कमी. एका जागी दाटी केली की पुढच्या पवनचक्क्या मागच्यांचा वारा खातात आणि सगळ्या एकदम झोपतात. पांगवल्या की कुणी ना कुणी जागं राहतं. अंधाराचे दिवस अगदीच गेले नाहीत. अंधाराचा एकही दिवस नसलेला देश वारापटाला कुठल्याच स्वप्नात सापडला नाही, आणि मीही तसं वचन कुणाला दिलं नाही.

आराखडा बदलला. पण पवनचक्क्या कागदावर एका सहीने उभ्या राहतात, जमिनीवर नाही. वर्षं गेली. फरशीवर पूर्वेचा किनारा हळूहळू उजळत गेला आणि हळद फिकट होत गेली. बाबांचे गुडघे गेले; ते खुर्चीत बसून कूलर बनवणाऱ्यांना शिव्या देऊ लागले. मेतरकाकी फोनवर म्हणायच्या, "गो चेडवा, डोळे मिटूच्या आत तरी." लवूच्या कानशिलांवर पांढरे केस आले. आम्ही फोनवर भांडलोसुद्धा, एकदा तर महिनाभर अबोला. तरी संध्याकाळी तो समुद्रातून विचारायचा, "आज खंय खंय चललंस?" आणि मी त्याला देशभर फिरवून आणायची.

मग पुन्हा वैशाख आला, आणि पश्चिमेचा समुद्र पडला.

त्या दिवशी मी मुहूर्त काढला नव्हता. लवूचा फोन आला, "बोट लागली गो, आवशीक घेवन रात्रीच निघतंय," आणि मी दालनात गेले. समुद्र काळा होता. पूर्वेला, दक्षिणेला, डोंगरमाथ्यांवर उजेड वाहत होता. पाळीवरची मुलगी चहा पीत बसली होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसता हात हलवला, जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाबांच्या अंगणात, लग्न लागलं. समुद्र अजून झोपलेलाच होता. बाबांचा सगळ्यांत मोठा कूलर इतक्या जोरात घुमत होता की अर्ध्या अक्षता आमच्यापर्यंत पोचण्याआधीच मांडवाबाहेर उडून गेल्या. भटजी वैतागले. "बंद करा हो तो!"

"नाही करत," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आज त्यालेच तं मान हाये."

माझा फोन पाटाशेजारी ठेवला होता. तो वाजला नाही. त्या दुपारी देशात काहीच घडलं नाही. कुणाचा पंखा थांबला नाही, कुणाच्या दवाखान्यात धावपळ झाली नाही, एवढा मोठा समुद्र झोपला आहे याची कुणाला खबरही नव्हती. मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत मोठं काम ते, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं. मला इतका आनंद झाला की लवूचा हात मी गरजेपेक्षा जरा जोरातच दाबला.

मेतरकाकींना आता नीट दिसत नाही. त्या माझ्या मागे बसल्या होत्या, कूलरच्या झोतात, पदर सावरत. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"वारो पडलो म्हणतत ना गो दर्याक? मगे ह्यो खयसून येता?"

"पूर्वेकडून, आई," मी म्हटलं. त्यांना आई म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.